बिग बँडच्या गर्दीत सोलोला वाट कशी मिळते: कानाने उलगडण्याची आणि आपल्या बँडवर बसवण्याची कृती

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या बँडमध्ये अकरा जण आहेत. दोन क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, एक आल्टो सॅक्सोफोन, दोन युफोनियम (खालच्या सुरांची पितळी वाद्ये), आणि तालाला साइड ड्रम, ढोल व झांज. मी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी या मंडळींना चाली लिहून देतो. काही वर्षांपूर्वी तुळशीचे लग्न झाल्यानंतरच्या पहिल्याच वरातीसाठी मी क्लॅरिनेट वाजवणाऱ्या तरुणाला एक लांबलचक सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, लिहून दिला. कापूस वेचून घरी आला की रोज तासभर, असा महिनाभर त्याने तो घोटला. आणि वरात मारुतीच्या पारापाशी थांबली तेव्हा त्याची बोटे चाललेली सगळ्यांना दिसली, सूर मात्र कोणापर्यंतच पोचला नाही. "गुरुजी, मले तर मायाच आवाज आयकू नाही आला," असे तो नंतर मंडपामागे म्हणाला. चूक त्याची नव्हती, ढोलवाल्याचीही नव्हती. सोलोच्या मागे तिन्ही ट्रम्पेटांना त्याच सप्तकात, त्याच लयीच्या ओळी मीच लिहिल्या होत्या, कारण माणसे हातात वाद्य धरून नुसती उभी राहिली तर यजमानाला पैसे वाया गेल्यासारखे वाटेल, अशी मला धास्ती होती.

अमेरिकेतल्या जाझच्या बिग बँडांपुढे हाच पेच होता आणि तो आमच्यापेक्षा मोठा होता. पुढे रूढ झालेल्या रचनेप्रमाणे अशा बँडमध्ये चार ट्रम्पेट, चार ट्रोम्बोन, पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन) आणि ताल विभागात पियानो, गिटार, बास व ड्रम असे सतरा जण बसतात. तेरा फुंकवाद्यांच्या त्या भिंतीपुढे एकच टेनर सॅक्सोफोन उभा राहतो आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी मी ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी या दोन बँडप्रमुखांची ध्वनिमुद्रणे वही-पेन्सिल घेऊन ऐकली. त्यातून हाती लागलेली रीत पुढे क्रमाने दिली आहे. आधी ऐकण्याचा भाग आहे आणि मग आपल्या बँडसाठी लिहिण्याचा. पहिला भाग टाळून दुसऱ्याकडे जाऊ नये. मी तसे करून पाहिले आहे आणि त्याचा शेवट पारापाशी झाला.

साहित्य फार लागत नाही. एक आखीव वही, पेन्सिल, खोडरबर, मोबाइल आणि कानात घालायचे इअरफोन पुरेसे आहेत. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण त्यात बासचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि बास ऐकू आला नाही तर आवर्तन मोजता येत नाही.

पहिली पायरी: पेरांवर आवर्तन मोजणे

जाझमधला सोलो मोकाट वाटतो, पण तो ठरलेल्या लांबीच्या आवर्तनावर चाललेला असतो. दोन लांबी ओळखता आल्या तर बहुतेक जुन्या रचना उलगडतात. पहिली ब्लूज या गीतप्रकाराची, बारा बारांची. एका बारात चार मात्रा, म्हणजे एका आवर्तनात अठ्ठेचाळीस मात्रा होतात. दुसरी बत्तीस बारांची. तिच्यात आठ बारांचा एक तुकडा दोनदा येतो, मग आठ बारांचा वेगळा तुकडा येतो आणि शेवटी पहिलाच तुकडा परततो. भजनात ध्रुपद, अंतरा आणि पुन्हा ध्रुपद ऐकत वाढलेल्या कानाला हे समजायला वेळ लागत नाही.

बारा बार मोजण्याची सोय आपल्या हातावरच आहे. अंगठा सोडला तर चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात, म्हणजे बरोबर बारा. बासच्या चार ठोक्यांना अंगठा एक पेर पुढे सरकवावा. करंगळीच्या तळच्या पेरावरून निघालेला अंगठा तर्जनीच्या टोकाला पोचला की आवर्तन पुरे झाले, आणि तिथेच वहीत एक उभी रेघ मारावी. पहिल्या दिवशी अंगठा चुकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो आपोआप सरकू लागतो आणि लक्ष वाद्यांकडे देता येते.

दुसरी पायरी: पुढे कोण, मागे कोण

यासाठी काउंट बेसींच्या बँडने ७ जुलै १९३७ रोजी मुद्रित केलेली ‘वन ओक्लॉक जंप’ ही बारा बारांची रचना घ्यावी. तिच्यासाठी फार थोडे आधी कागदावर होते. वादकांनी एकत्र बसून तोंडी ठरवलेल्या आणि पाठ केलेल्या छोट्या ओळींवर ती उभी आहे, आणि बेसींचा बँड जिथे घडला त्या कॅन्सस सिटीच्या बँडांची ती रीतच होती. आपल्या बँडमंडळींपैकी ज्यांना नोटेशन वाचता येत नाही त्यांना हे ऐकून जरा धीर येतो, असा माझा अनुभव आहे.

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे ‘पुढे’ आणि उजवीकडे ‘मागे’ असे लिहावे. सुरुवातीला बेसींचा पियानो आहे आणि मागे केवळ ताल विभाग आहे. त्यानंतर हर्शेल इव्हान्स यांचा टेनर सॅक्सोफोन येतो. त्याच्या मागे पितळी वाद्यांची छोटी, पुन्हा पुन्हा येणारी ओळ आहे. मग जॉर्ज हंट यांचा ट्रोम्बोन येतो आणि मागे सॅक्सोफोन येतात. पुढे लेस्टर यंग यांचा टेनर येतो, मागे पुन्हा पितळ. आणि बक क्लेटन यांच्या ट्रम्पेटच्या मागे पुन्हा सॅक्सोफोन. पान भरले की दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहावेत. लाकडी पत्तीच्या वाद्याचा (सॅक्सोफोन, क्लॅरिनेट) सोलो असेल तर मागे पितळ आहे आणि पितळेचा सोलो असेल तर मागे पत्तीची वाद्ये आहेत. सोलो वाजवणाऱ्याच्या जातभाईंना त्या वेळी गप्प बसवले आहे. माझ्या वरातीत ट्रम्पेट निदान वेगळ्या जातीचे तरी होते. पण ती गोष्ट पुरेशी नाही, आणि ते पुढच्या पायरीत स्पष्ट होते.

तिसरी पायरी: मागची ओळ कशी आहे ते पाहणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मी एकाच आवर्तनावर तीन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि त्या वाया गेल्या नाहीत.

पोवाड्यात किंवा आपल्याकडच्या खडी गंमतीत शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. झीलकरी शाहिराच्या शब्दांवर कधी चढत नाहीत. शाहिराचा दम जिथे संपतो तिथे त्यांचा सूर सुरू होतो, आणि त्यांनी गायलेला तुकडा इतका छोटा व ओळखीचा असतो की श्रोत्याचे लक्ष त्याकडे जात नाही, ते पुढच्या ओळीच्या वाटेकडे लागते. बिग बँडमध्ये सोलोच्या मागे वाजणाऱ्या ओळीचे काम नेमके हेच आहे. तिला तिकडे रिफ म्हणतात. मी आमच्या मंडळींना ‘झील’ म्हणूनच सांगतो, आणि तो शब्द वापरायला लागल्यापासून मला फारसे समजावून सांगावे लागलेले नाही.

झील तपासताना चार गोष्टी वहीत टिपाव्यात. ती किती लांब आहे हे पहिले. साधारणपणे दोन किंवा चार बार असतात आणि मग तीच ओळ परतते. दुसरे म्हणजे ती कोणत्या सप्तकात आहे. सोलो वरच्या सप्तकात असेल तर झील खाली असते आणि सोलो खाली उतरला तर झील वर तरी जाते किंवा थांबते. तिसरे, तिच्यात स्वर किती आहेत. सोलो धावता असेल तर झील दोन-तीन स्वरांची असते, आणि सोलोने लांब स्वर धरला असेल तर झीलला हलण्याची मुभा मिळते. चौथी गोष्ट कानाला सर्वांत उशिरा कळते: झीलमध्ये शांतता कुठे आहे. बारा बारांपैकी किती बारांत मागची फुंकवाद्ये काहीच वाजवत नाहीत ते पेरांवर मोजावे. मी माझ्या त्या क्लॅरिनेटच्या सोलोचा कागद काढून हाच हिशेब केला तेव्हा मागच्या ट्रम्पेटांना बत्तीस बारांत विश्रांतीचा एकही बार सापडला नाही.

क्लॅरिनेटच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. त्याच्या खालच्या सप्तकाचा आवाज गडद आणि सुंदर असतो, पण उघड्यावर तो दूर जात नाही. आणि खालचे सप्तक संपून वरचे सुरू होण्यापूर्वीचे मधले दोन-चार स्वर तर मुळातच फिके असतात. मी सोलोचा अर्धा भाग नेमका तिथे लिहिला होता.

चौथी पायरी: सोलो कोणासाठी लिहिला आहे

एलिंग्टन यांच्या वादकांच्या कागदांवर अनेकदा वाद्याचे नाव नसून माणसाचे नाव लिहिलेले असे. ‘तिसरा ट्रम्पेट’ असे म्हटले की कोणीही वाजवू शकेल अशी ओळ लिहिली जाते. ‘कूटी’ म्हटले की त्यांचे ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स यांच्या ओठांना काय जमते, त्यांच्या आवाजाला कुठे खर येते, हे समोर ठेवून लिहावे लागते. १५ मार्च १९४० रोजी मुद्रित झालेली ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ ही रचना त्यासाठी ऐकावी. तीन-साडेतीन मिनिटांत एकाच ट्रम्पेटचे तीन आवाज तिच्यात ऐकू येतात.

पहिली धून तोंडाशी अडसर लावून, दबलेल्या आवाजात येते. ती आठ बारांची नाही, दहा बारांची आहे, आणि म्हणून तिसऱ्या पायरीपर्यंत पक्का झालेला अंगठा इथे अडखळतो; अडखळू द्यावा. ट्रम्पेट एक वाक्य म्हणतो आणि बँड उत्तर देतो. मधल्या तुकड्यात हाच ट्रम्पेट गुरगुरतो. त्यानंतर पट्टी बदलते, अडसर निघतो आणि मोकळा, भरदार आवाज येतो. ही मोकळीक इतकी मोठी वाटते, कारण तोवरचा सारा वेळ ती राखून ठेवलेली होती. शेवटी पहिली धून पुन्हा दबक्या आवाजात परतते.

हा अडसर म्हणजे मोरी तुंबल्यावर वापरतात त्या दांडीच्या रबरी पंपाची वाटी होय. दांडी काढून टाकायची आणि वाटी डाव्या हाताने ट्रम्पेटच्या तोंडापुढे धरून झाकायची व उघडायची. आमच्या ट्रम्पेटवाल्याने तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवी वाटी आणली (जुनी वापरू नये, हे सांगायला नकोच) आणि शाळेच्या व्हरांड्यात करून पाहिले. वाटी पूर्ण दाबली तर आवाज कोंडतो आणि सूर थोडा सरकतो. दोन बोटे आत राहतील इतकी फट ठेवली तर ‘वा’ असा उच्चार निघतो. घशातून गुरगुरत फुंकण्याची रीत त्याला साधायला आठवडा लागला. गावातली लहान मुले तेवढा आठवडा रोज कुंपणावर बसून होती.

तेव्हा सोलो लिहिण्याआधी त्या माणसाला अर्धा तास एकट्याने वाजवायला सांगावे आणि त्याचे तीन चांगले स्वर, एक आवडती हरकत व दम किती मात्रा टिकतो ते लिहून घ्यावे. दम आठ मात्रांचा असेल तर दहा मात्रांचे वाक्य देऊ नये. विल्यम्स यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये जाण्यासाठी एलिंग्टनना सोडले आणि ते १९६२ मध्ये परतले. मधल्या काळात ही रचना दुसऱ्या कोणाला शोभली असती असे मला वाटत नाही, पण हे माझे मत आहे.

पाचवी पायरी: दार उघडणे

सोलो सुरू होतो तो क्षण श्रोत्याला कळलाच पाहिजे. त्यासाठीच्या तीन युक्त्या पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक, आधीच्या आवर्तनाचे शेवटचे दोन किंवा चार बार सगळा बँड थांबतो, तालसुद्धा थांबतो, आणि सोलोवाला एकटाच त्या रिकाम्या जागेतून चालत येऊन पुढच्या आवर्तनाच्या समेवर पोचतो. तबल्याची तिहाई समेवर कशी येऊन बसते हे ज्याला माहीत आहे त्याला यातली उत्सुकता वेगळी सांगायला नको. दोन, सगळा बँड एक जोरदार छोटी ओळ वाजवून एकदम बाजूला होतो. तीन, पट्टी बदलते. वर सांगितलेल्या दोन्ही रचनांत योगायोगाने एकच बदल आहे: पांढरी चारमधून काळी एकमध्ये. म्हणजे जुन्या षड्जावरून पाहिले तर कोमल धैवत हाच नवा षड्ज होतो. बेसींच्या रचनेत पियानो संपून फुंकवाद्ये येतात तिथे हा बदल होतो, आणि एलिंग्टनच्या रचनेत मोकळा ट्रम्पेट येतो तिथे. हार्मोनियमवर दोन्ही पट्ट्यांत सरगम वाजवून पाहावी; खोलीत दुसरा दिवा लागल्यासारखे वाटते.

सोलोतून बाहेर पडण्याची सोयही हवी. शेवटच्या दोन बारांत झील मोठी होत जाते आणि सोलोचा शेवटचा स्वर तिच्या पोटात जातो, ही सर्वांत सोपी रीत आहे.

सहावी पायरी: किती वेळ

४ मे १९४० रोजी मुद्रित झालेल्या एलिंग्टनच्या ‘कॉटन टेल’मध्ये बेन वेब्स्टर यांना टेनरवर बत्तीस बारांची दोन आवर्तने मिळाली, म्हणजे चौसष्ट बार. त्या सोलोनंतर काही वेळाने पाचही सॅक्सोफोन एका शरीरासारखे मिळून धावतात, आणि एकट्या टेनरची आठवण तेव्हा अधिक ठळक होते. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास मावत असल्यामुळे त्या काळी असा काटकसरीचा हिशेब ठेवावाच लागे.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जाझ महोत्सवाचा प्रसंग आहे. १९३७ मध्ये एलिंग्टनने लिहिलेल्या ‘डिमिन्युएन्डो अँड क्रेसेन्डो इन ब्लू’ या जोडरचनेच्या दोन भागांमध्ये ७ जुलै १९५६ च्या रात्री पॉल गोन्साल्व्हिस यांनी टेनरवर ब्लूजची सत्तावीस आवर्तने वाजवली. सत्तावीस गुणिले बारा म्हणजे ३२४ बार होतात. (आडनावावरून ते गोव्याचे असावेत असा समज होऊ शकतो, त्यांचे घराणे आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांचे होते.) सबंध सोलोभर जवळजवळ सगळी फुंकवाद्ये गप्प होती आणि मागे केवळ ताल विभाग चालू होता, ताल वाढत गेला नाही, घट्ट मात्र होत गेला. पुढे बसलेला ड्रमवादक जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ठोका देत होता आणि लोक उठून नाचू लागले होते. गोन्साल्व्हिस त्या रात्री भलत्याच मायक्रोफोनपुढे उभे राहिले होते, त्यामुळे मूळ तबकडीवर त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा आहे आणि १९९९ च्या आवृत्तीत तो नीट ऐकू येतो. माइक कुठे आहे हे सोलोवाल्याला आधी दाखवून ठेवावे, ही सूचना गावच्या कार्यक्रमालाच लागू आहे असे समजण्याचे कारण नाही.

वरातीसाठी सत्तावीस आवर्तने विसरावीत. आमच्या अनुभवात दोन आवर्तने बरी असतात, तिसऱ्याला नाचणारी मंडळी फर्माईश बदलायला सांगू लागतात.

आता आपल्या अकरा जणांसाठी

सगळ्यांना तोंडपाठ असलेली बत्तीस बारांच्या आसपासची एखादी चाल घ्यावी. पहिले आवर्तन सर्वांनी मिळून वाजवावे. सोलो ज्याला द्यायचा आहे त्या क्लॅरिनेटला मात्र या आवर्तनात वाजवू देऊ नये. ही गोष्ट त्या वादकाला पटत नाही, पण श्रोत्याच्या कानाला त्याचा आवाज ताजा राहायला हवा. आवर्तनाचे शेवटचे दोन बार पूर्ण रिकामे ठेवावेत आणि ढोलवाल्याला तेवढ्यापुरता हात वर धरायला सांगावे. त्याला हे शिकवायला इतर दहा जणांइतका वेळ लागतो. त्या मोकळ्या जागेतून क्लॅरिनेट वरच्या सप्तकातून शिरतो.

सोलोच्या पहिल्या आवर्तनाच्या पूर्वार्धात मागे साइड ड्रम आणि एक युफोनियम एवढेच असावे. उत्तरार्धात तिन्ही ट्रम्पेटांनी, बेल (वाद्याचे रुंद तोंड) जमिनीकडे वळवून, चौथ्या आणि आठव्या बारात दोन स्वरांची झील द्यावी. बाकी वेळ गप्प राहावे. दुसरा क्लॅरिनेट आणि आल्टो या काळात वाजवत नाहीत, कारण ते सोलोचे जातभाई आहेत. दुसऱ्या आवर्तनात झील दर दोन बारांनी यावी, ढोल परतावा, आणि शेवटच्या आठ बारांत युफोनियमची जोडी खालून वर चढत जावी. तिसरे आवर्तन सर्वांचे, पूर्ण जोरात. क्लॅरिनेट त्यावर एक लांब वरचा स्वर धरून ठेवतो. लिहिताना हे लक्षात ठेवावे की क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट साधारणपणे काळी पाचच्या पट्टीचे आणि आल्टो काळी दोनचा असतो, त्यामुळे एकच सूर हवा असेल तर आल्टोचा कागद वेगळा लिहावा लागतो.

गोंगाटात तोंडाने सूचना देता येत नाही. डोक्यावर हात ठेवला म्हणजे मूळ चालीकडे, ही जाझवाल्यांची खूण आम्ही उचलली; एक बोट वर म्हणजे सोलोला अजून एक आवर्तन, ही आमची.

पहिली तालीम ढोल आणि झांजेशिवाय घ्यावी, दुसरी त्यांच्यासह. लिहिणाऱ्याने या दोन्ही वेळा बँडजवळ उभे राहू नये. मी शाळेच्या फाटकापासून शंभर पावले चालत जातो, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लॅरिनेटचा सोलो मनात सरगमने म्हणत जातो. ज्या बारात सरगम तुटते तो बार वहीत लिहितो आणि परत येऊन त्या बारातल्या मागच्या वाद्यांच्या ओळीवर खोडरबर फिरवतो.